अद्भुताचे चित्र आणि संहितेची साक्ष : औंधच्या ‘चित्ररामायणा’विषयी

वाराणसीत दशाश्वमेध घाटावरून प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागले की शीतला घाटानंतर अहिल्याबाई घाट येतो. पूर्वी हा केवळगिरी घाट म्हणून ओळखला जात असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधवला आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. विश्वनाथाचे आजचे मंदिरही त्यांनीच १७८० च्या सुमारास उभे केले. काशी ही मराठी अभ्यासकाला परकी जागा नाही. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये येथेच पूर्ण केले. भोसले, शिंदे, पेशवे यांची नावे किंवा आठवणी येथील घाटांवर आजही आहेत. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र घाटांचा इतिहास हा नाही. अभ्यागत म्हणून येथे वास्तव्य असताना ज्या नावाशी रोज गाठ पडत होती त्या नावातील मूळ अहल्येपासून येथे आरंभ करावयाचा आहे. रामकथेचे चित्र काढू पाहणाऱ्या कोणत्याही चित्रकाराची खरी परीक्षा घेणारा प्रसंग निवडायचा झाला तर तो अहल्येचाच निवडावा लागेल.

घाटावरच्या नावाड्याला विचारले, तर अहल्या शिळा झाली होती आणि रामाच्या पायाच्या धुळीने ती पुन्हा स्त्री झाली, असे तो निःशंकपणे सांगेल. त्याच्या उत्तरामागे तुलसीदासांचा ‘मानस’ उभा आहे. एवढेच नव्हे, तर केवट रामाला नावेत घेण्याआधी त्याचे पाय धुवायचा हट्ट धरतो, कारण या धुळीने दगडाची बाई होते, मग लाकडाच्या नावेचे काय होईल, ही त्याला शंका. हा प्रसंग तर नावाड्याच्या स्वतःच्या व्यवसायातलाच आहे. मराठी वाचकालाही श्रीधराच्या ‘रामविजया’मुळे (१७०३) शिळाच परिचयाची आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या अकराव्या सर्गात गौतमपत्नीला शिलामय म्हटले आहे, तेव्हा ही कल्पना अर्वाचीन नाही हेही उघड आहे. परंतु वाल्मीकीच्या बालकांडात शिळा कोठेही नाही. तेथे गौतमाच्या शापाने अहल्या आश्रमातच राहते. वारा भक्षण करीत, राखेत पडून, कोणाही प्राण्याला न दिसता ती सहस्रावधी वर्षे काढते. राम आश्रमात आल्यावर ती दिसू लागते, आणि मग राम व लक्ष्मण हे दोघे तिचे पाय धरतात.

म्हणजे पायांची दिशाच उलटी झाली आहे. बाजारात मिळणाऱ्या छापील चित्रात रामाचा पाय शिळेला लागतो. वाल्मीकीत रामाचे हात अहल्येच्या पायांना लागतात. या बदलाची कारणे भक्तिसंप्रदायांच्या इतिहासात शोधता येतात आणि ती अनेकांनी शोधलेलीही आहेत. मला येथे वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. वाल्मीकीचे अद्भुत हे शब्दाचे अद्भुत आहे. ‘ती कोणाला दिसत नव्हती’ हे वाक्य उच्चारता येते, ऐकता येते, पण त्याचे चित्र काढता येत नाही. न दिसणारी स्त्री काढायची कशी? उलट शिळेची स्त्री होणे हे डोळ्यांसाठीच घडवलेले अद्भुत आहे: आधी दगड, मग देह. देवगढच्या गुप्तकालीन मंदिराच्या शिल्पपट्टात अहल्या स्त्रीरूपातच रामासमोर आहे. त्या शिल्पकाराने रूपांतराचा क्षण टाळला आणि नंतरचा क्षण घेतला. शिल्पाने वा चित्राने केलेली ही निवड म्हणजे कथेचे एक वाचन असते, आणि कित्येकदा त्या वाचनाला पोथीतल्या पाठभेदाइतकेच वजन असते. तुलनाकारांनी या वाचनाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्याला एक व्यावहारिक कारणही असावे. आपल्या ग्रंथालयांत चित्रग्रंथ ‘कला’ या कपाटात जातात आणि साहित्याचा अभ्यासक त्या कपाटापर्यंत सहसा पोहोचत नाही.

घाटावरून दक्षिणेकडे पाहिले की पलीकडच्या तीरावर रामनगरचा किल्ला आहे. काशीनरेश उदितनारायण सिंह यांनी १७९६ ते १८१४ या काळात ‘रामचरितमानसा’ची एक सचित्र प्रत तयार करवून घेतली. ‘कांचन चित्ररामायण’ या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि तिच्यात पाचशेहून अधिक चित्रे आहेत. एका बाजूस मजकूर आणि समोर चित्र अशी तिची मांडणी आहे. ज्या राजाने ही प्रत करवली त्याच्याच आश्रयाने रामनगरची रामलीला वाढली, आणि लीलेतही ‘मानसा’चे पठण आधी होते, मग पात्रे बोलतात. चित्र आणि लीला या दोहोंना येथे एकच संहिता आधारभूत आहे, आणि ती संहिता गायली जाणारी, गावाला पाठ असलेली आहे. ‘या प्रसंगाला मूळ ग्रंथात आधार काय?’ हा प्रश्न रामनगरच्या चित्रकाराला पडण्याचे कारणच नव्हते. आधार त्याच्या डाव्या हाताला लिहिलेला होता.

शंभर वर्षांनंतर सातारा भागातील औंध या लहानशा संस्थानात दुसरे एक चित्ररामायण तयार झाले. त्याच्या चित्रकाराला मात्र हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ मध्ये गादीवर आले. ते बी. ए. झालेले होते, कीर्तन करीत, सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत आणि चित्रे काढीत. पुढे १९३८-३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली, आणि त्या प्रयोगामुळेच इतिहासात त्यांचे नाव अधिक घेतले जाते. त्यांच्या चित्रकलेकडे राजाचा छंद म्हणून पाहण्याची रीत आहे. ती मला मान्य होण्यासारखी नाही. छंद म्हणून काढलेली चित्रे दिवाणखान्यात टांगली जातात. बाळासाहेबांनी आपली चित्रे एकत्र करून ग्रंथरूपाने छापली. ‘द पिक्चर रामायण’ या नावाने हा ग्रंथ १९१६ मध्ये मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमधून बाहेर पडला. त्यात सुमारे साठ रंगीत चित्रे आहेत. चित्रांचा असा संग्रह छापणे म्हणजे संपूर्ण कथेचे सलग वाचन लोकांपुढे ठेवणे होय, आणि त्या वाचनाची जबाबदारी घेणेही होय.

हा ग्रंथ निघाला त्या वेळची छपाईची स्थिती येथे थोडक्यात लक्षात घेतली पाहिजे. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून आणि रविवर्म्याचा छापखाना १८९४ पासून पुराणप्रसंगांची रंगीत शिळाछापाची चित्रे घरोघर पोहोचवीत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिरंगी ठोकळ्यांचे तंत्र आले आणि गुळगुळीत कागदावर मूळ रंगचित्राची जवळपास हुबेहूब प्रतिमा पुस्तकात घालणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये याच तंत्राने आर्थर रॅकहॅमचे ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ (१९०६) आणि एडमंड ड्यूलॅकचे अरबी कथांवरील पुस्तक (१९०७) निघाले. पऱ्या, जिन, बोलणारी झाडे यांची ही पुस्तके चित्रकाराच्या नावावर विकली जात. मजकूर जुनाच असे, नवे असे ते चित्र. मराठीत ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि चित्रांनी सजलेला वार्षिक अंक विकत घेण्याची सवय वाचकाला त्यातून लागली. औंधचा ग्रंथ या वातावरणातला आहे. मात्र त्याचे अद्भुताशी असलेले नाते रॅकहॅमच्या अगदी विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण मराठी साहित्याच्या गेल्या अर्धशतकात शोधावे लागते.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींच्या भाषांतरापासून आणि हळब्यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या कादंबऱ्यांपासून मराठी गद्यात अद्भुताची मोठी लाट आली होती. काशीत देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ने १८८८ मध्ये हिंदीत जे तिलिस्मी जग उभे केले, त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी मराठी वाचक अशा जगात रमून गेला होता. परंतु मराठीत त्याविरुद्धची प्रतिक्रियाही लवकर आली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ या निबंधात या कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर झोड उठवली. १८८५ नंतर हरिभाऊ आपट्यांनी मध्यमवर्गीय घरातले जग कादंबरीत आणले. विसावे शतक उजाडेपर्यंत सुशिक्षित मराठी वाचकाच्या दृष्टीने अद्भुत हा काहीसा बालिश, काहीसा लाजिरवाणा प्रकार झाला होता. महाकाव्यांबाबत हीच वृत्ती इतिहासशोधनाच्या रूपाने प्रकटली. चिंतामण विनायक वैद्यांचे ‘द रिडल ऑफ द रामायण’ हे इंग्रजी पुस्तक १९०६ मध्ये निघाले. रामायणातला ऐतिहासिक गाभा कोणता आणि त्यावर नंतर चढलेले थर कोणते, हे निवडून काढण्याचा तो प्रयत्न होता.

बाळासाहेब याच पिढीचे. त्यामुळे दहा तोंडांचा रावण आणि समुद्र ओलांडणारा हनुमान काढताना त्यांच्यापुढची अडचण रॅकहॅमच्या अडचणीहून निराळी होती. रॅकहॅमला पऱ्या खऱ्या आहेत असे कोणाला पटवायचे नव्हते. परीकथा ही मुलांची आणि गंमतीची हे गृहीत धरूनच तो रेषा काढत होता, आणि त्या गृहीतामुळेच त्याला मोकळीक होती. औंधच्या चित्रकाराला राम ऐतिहासिक वाटावा असा काढायचा होता आणि त्याच चौकटीत रावणाची दहा मस्तके मावतीलसे करायचे होते. त्याची कूस रविवर्म्याची: तैलरंग, छायाप्रकाश, शरीररचनेचा अभ्यास, खोलीचा आभास. या शैलीत अद्भुत काढणे विशेष कठीण असते. लघुचित्रात दहा मस्तके एका ओळीत मांडली की काम भागते; तेथे मानेच्या स्नायूंचा प्रश्न येत नाही. छायाप्रकाशाच्या चित्रात प्रत्येक मस्तक कोणत्या खांद्यावरून निघते, कोणते दुसऱ्यावर सावली टाकते, हे ठरवावेच लागते. वास्तवाचा आभास जितका पक्का, तितके अद्भुत अवघडलेले. गुस्ताव दोरेलाही दान्तेच्या नरकाची चित्रे (१८६१) काढताना ही अडचण आली असणार. त्याला रंग नव्हता आणि काळोख होता, हे त्याचे भाग्य.

येथे संहिता चित्रकाराच्या मदतीला येते, आणि गोंधळातही टाकते. सुंदरकांडात हनुमान रात्री लंकेत शिरून झोपलेल्या रावणाला पाहतो. तेथे वाल्मीकी रावणाच्या दोन बाहूंचे सविस्तर वर्णन करतो. वीस बाहूंचा तेथे पत्ता नाही. दहा मस्तके आणि वीस हात हे रावणाने युद्धाच्या वा क्रोधाच्या वेळी धारण करावयाचे रूप असावे, अशी संगती टीकाकारांनी लावली. शब्दाला ही लवचीकता परवडते. पन्नास सर्गांच्या अंतरावर रावण कधी दोन हातांचा तर कधी वीस हातांचा असू शकतो, आणि श्रोता ते मुकाट्याने स्वीकारतो. चित्रसंग्रहात मात्र दोन्ही पाने एकाच बैठकीत उलटली जातात. एका पानावर एकमुखी रावण आणि चार पानांनंतर दशमुखी रावण काढला तर पाहणाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटतील. वानरांचेही तसेच. ते माकडे आहेत, की शेपटी हे भूषण म्हणून लावणारे वनवासी लोक आहेत, हा वाद त्या काळी जोरात होता. पण चित्रकाराला वादात मध्यम मार्ग नसतो: एक तर चेहऱ्यावर केस काढायचे किंवा काढायचे नाहीत.

बाळासाहेबांनी आधार शोधला तो वाल्मीकीत आणि प्राचीन शिल्पांत. रविवर्म्याच्या पौराणिक नायिका दक्षिणेतली किंवा महाराष्ट्रातली लुगडी नेसतात, त्यांच्या महालांच्या कमानी नंतरच्या शतकांतल्या असतात, हा आक्षेप विसाव्या शतकाच्या आरंभी वारंवार घेतला जात होता, आणि औंधच्या ग्रंथामागेही तो उभा आहे. रामाच्या काळी शिवलेले कपडे नव्हते, मग काय होते? याचे उत्तर भारहूत, सांची आणि अजिंठ्यात मिळेल असे मानले गेले. पुढे बाळासाहेबांनी वेरूळवर (१९२९) आणि अजिंठ्यावर (१९३२) स्वतंत्र पुस्तके लिहिली. ती पुस्तके या शोधाचेच पुढचे पाऊल आहेत. ऐतिहासिकदृष्ट्या पाहता हा उपाय डळमळीत आहे हे सांगितले पाहिजे. अजिंठ्यातल्या बहुसंख्य चित्रांचा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकातला. तेव्हाचा वेष रामाला देणे हे रविवर्म्याने दिलेल्या लुगड्याइतकेच कालविपर्यस्त आहे, फक्त विपर्यासाची शतके बदलली. तरीही हा उपाय हास्यास्पद ठरवून मोकळे होणे बरे नाही. चित्रकार येथे पुराव्याची भाषा बोलू लागला आहे. अद्भुताला प्रवेश द्यायचा, पण साक्षीदारासह.

त्याच वेळी दुसरे उत्तरही पुढे आले होते. १९१३ मध्ये लंडनमध्ये भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांचे ‘मिथ्स ऑफ द हिंदूज अँड बुद्धिस्ट्स’ प्रसिद्ध झाले. त्याची बत्तीस रंगीत चित्रे अवनींद्रनाथ ठाकुरांच्या देखरेखीखाली भारतीय चित्रकारांनी काढली होती. तेथे देहाचे वजनच काढून घेतले आहे. धूसर पार्श्वभूमी, लांबट बोटे, धुतलेले रंग. अशा जगात दहा मस्तके खटकत नाहीत, कारण एक मस्तकही तेथे पुरेसे खरे नाही. बंगाली चित्रकारांनी अद्भुताची अडचण वास्तवच सौम्य करून सोडवली. औंधने वास्तव तसेच ठेवले आणि अद्भुताकडे कागदपत्र मागितले. कलासमीक्षेने दीर्घकाळ पहिल्या मार्गाला राष्ट्रीय म्हटले आणि दुसऱ्याला अनुकरणात्मक. साहित्याच्या अभ्यासकाला हा निवाडा उलट करण्याची गरज नाही. मात्र दुसऱ्या मार्गात संहितेविषयीची जी आस्था आहे ती पहिल्यात नाही, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

वास्तवाच्याच साधनाने अद्भुत दाखवण्याचा तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ १९१७ मध्ये, म्हणजे औंधच्या ग्रंथानंतर वर्षभरात, पडद्यावर आला. फाळकेही कलाशाळेत शिकलेले आणि छपाईच्या धंद्यातून आलेले. हनुमान उडताना प्रेक्षकांनी ‘पाहिला’ आणि कागदपत्राचा प्रश्नच मिटला, कारण डोळ्यांनी पाहिलेल्याला पुरावा लागत नाही. हेच फाळके कंपनीतल्या मतभेदांनंतर १९१९-२० च्या सुमारास सहकुटुंब काशीला येऊन राहिले आणि येथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. चलच्चित्रातल्या चमत्काराचा जनक काशीत बसून शब्दांकडे वळला, हा योगायोग येथे नुसता नमूद करून पुढे जातो.

औंधची कथा १९१६ वर थांबली असती तर ती एका ग्रंथाची कथा राहिली असती. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. पुढच्याच वर्षी बाळासाहेबांनी संस्थेपुढे प्रस्ताव ठेवला की महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती काढावी, आणि त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. या दोन विशेषणांतले दुसरे आज कोणाच्या ध्यानात नसते. देणगीदाराच्या मनात मात्र ती जोडी होती. रामायणाच्या वेळी आपण चाचपडत जो आधार शोधला तो महाभारताच्या वेळी विद्वानांनी निश्चित करून द्यावा, आणि त्या निश्चित पाठावर आपण चित्रे काढावीत, अशी ही योजना दिसते. तर्काला ती अगदी धरून आहे. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी नमनाचा श्लोक लिहून पाठतुलनेच्या कामास आरंभ केला. नारायण बापूजी उतगीकरांनी सिद्ध केलेले विराटपर्व नमुन्यादाखल १९२३ मध्ये निघाले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आणि संपूर्ण आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या शीर्षकपानावर संपादकांच्या बरोबरीने बाळासाहेबांचे नाव आहे, आणि चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढली असल्याचे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

याच काळात औंधमध्ये श्रीपाद दामोदर सातवळेकर होते. हैदराबाद आणि लाहोर येथे चित्रकार म्हणून नाव मिळवलेले हे गृहस्थ १९१८ च्या सुमारास औंधला आले, तेथे स्वाध्याय मंडळ काढले आणि वेदांच्या संहिता छापू लागले. कुंचला ठेवून त्यांनी पाठशुद्धी हाती घेतली. एकाच लहान गावात एक राजा चित्रासाठी शुद्ध पाठ मागत होता आणि एक चित्रकार शुद्ध पाठासाठी चित्र सोडत होता.

शुद्ध पाठ मिळाला तेव्हा काय झाले? सुकथनकरांनी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या हस्तलिखितांची तुलना करून, सर्व शाखांना समान असेल ते मूळच्या अधिक जवळचे, या तत्त्वावर पाठ सिद्ध केला. या कसोटीला न उतरलेला मजकूर तळटीपांत किंवा परिशिष्टांत गेला. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे हा प्रसंग महाभारताच्या चित्रांत सर्वांत लोकप्रिय म्हणावा असा. सचित्र महाभारताचे पहिले चित्र कोणते, असे मराठी घरातल्या कोणालाही विचारले तर हेच उत्तर येईल. आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग परिशिष्टात आहे. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात (१९४४) वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मूळ पाठातून बाहेर पडला. तेथे वस्त्रामागून वस्त्र निघत राहते, पण ते कोण पुरवते हे संहिता सांगत नाही. छापील चित्रात वरच्या कोपऱ्यात ढगातून हात पुढे करणारा कृष्ण असतोच असतो. त्याच्याशिवाय त्या चित्राला अर्थच उरत नाही असे पाहणाऱ्याला वाटते.

ही उदाहरणे योगायोगाची नाहीत. शतकानुशतके कथेत भर पडत गेली ती बहुधा जेथे काहीतरी ‘दिसावे’ अशी श्रोत्याला ओढ होती तेथे. कोणी पुरवली नाहीत तरी निघत राहणारी वस्त्रे हे अहल्येच्या अदृश्यतेसारखेच शब्दाचे अद्भुत आहे. त्याला कर्ता आणि चेहरा दिला तो नंतरच्या सांगणाऱ्यांनी, आणि चित्रकाराने तोच चेहरा उचलला. गणपतीचा प्रसंगही ग्रंथ निर्माण होतानाचे दृश्य पुरवतो: एक सांगणारा, एक लिहिणारा, मध्ये बोरू. महाकाव्यातले जे भाग चित्रात उतरायला सर्वांत योग्य, त्यांतले पुष्कळसे प्रक्षेप म्हणून ओळखले गेले. रामायणाबाबत बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात काढलेल्या चिकित्सक आवृत्तीनेही काही वेगळे सांगितले नाही. लक्ष्मणरेषा त्या पाठात नाही. शिळा झालेली अहल्याही नाही.

म्हणून ज्या चित्रकाराने अद्भुताला साक्षीदार मागितला, त्यानेच उभ्या केलेल्या न्यायालयात चित्रकारांच्या आवडत्या प्रसंगांची साक्ष टिकली नाही. त्यात बाळासाहेबांची फसगत झाली असे मात्र मला वाटत नाही. त्यांनी मागितलेली वस्तू त्यांना मिळाली. चिकित्सक पाठ आणि ‘प्राचीन नमुने’ या दोन्हींमागची प्रेरणा एकच होती: नंतरचे थर खरवडून मुळाशी जाण्याची. फरक एवढाच की संपादक खरवडलेले परिशिष्टात जपून ठेवू शकतो. चित्राला परिशिष्ट नसते. चित्रकाराने एकदा कृष्णाचा हात काढला की काढला, वगळला की वगळला. तळटीप देऊन ‘काही प्रतींत येथे ढगातून हात दिसतो’ असे त्याला लिहिता येत नाही. पाठभेदांची यंत्रणा हा चिकित्सक आवृत्तीचा आत्मा. त्याला समांतर असे चित्रांत काही घडवता येईल का, हा प्रश्न १९१८ च्या योजनेत कोणी विचारलेला दिसत नाही. विचारला असता, तर उत्तर कदाचित एका प्रसंगाची अनेक चित्रे शेजारी शेजारी छापण्याचे निघाले असते: देवगढची अहल्या, रामनगरची अहल्या, पुण्याच्या शिळाछापातली अहल्या. अशी सचित्र चिकित्सक आवृत्ती कोणत्याही महाकाव्याची अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही. ती काढायची झाल्यास तिचे संपादन संस्कृतज्ञ आणि कलेतिहासकार यांच्याबरोबर तुलनाकारालाही करावे लागेल.

आवृत्तीचे काम पुढे चालत राहिले. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, बाळासाहेब १९५१ मध्ये. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, परशुराम लक्ष्मण वैद्य, रामचंद्र नारायण दांडेकर यांनी काम तडीस नेले आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्णतेचा समारंभ झाला. एकोणीस भागांचा हा ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत आहे. त्याच्या आधारे निबंध लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण आदिपर्व उघडताना चित्रांची पाने एका हाताने उलटून सरळ पाठाकडे आणि तेथून पानाच्या तळाशी असलेल्या पाठभेदांच्या बारीक टाइपाकडे जातात. मीही वर्षानुवर्षे तेच केले. चित्रांच्या पानांवर थांबलो तो येथे आल्यावर, विभागाच्या ग्रंथालयातली प्रत हाताळताना. अहिल्याबाई घाटावरून संध्याकाळी रामनगरकडे जाणारी एखादी नाव दिसते. नावाडी प्रवाशांना केवटाची गोष्ट सांगत असतो, आणि त्याच्या गोष्टीत शिळा असतेच.